ओडिलच्या चाकातले वाटाणे

ओडिलच्या चाकात वाटाणे मीच टाकले. तीन. आकडा आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे एका ठिकाणी मी तो कमी सांगितला आणि तिथूनच सगळी बोंब झाली.

मी फिर्मिन. होलेफेल्डमध्ये चर्चच्या मागे माझी बटाट्याच्या फ्राईजची गाडी आहे. आठवडाभर तेलात हात, रविवारी सकाळी सायकलवर ढुंगण. आमच्या क्लबात सोळा जण, सगळे पन्नाशी ओलांडलेले, सगळ्यांच्या सायकलींना रिमवर घासणारे जुने रबरी ब्रेक. मध्यंतरी एक दाताचा डॉक्टर डिस्क ब्रेकवाली सायकल घेऊन आला होता. 'डॉक्टर, चाकात जेवायची ताटली अडकलीय तुमच्या' असं मी त्याला तीन रविवार ऐकवलं. आता तो गोल्फ खेळतो.

आमच्या फ्लँडर्स प्रांतात रविवार कोरडा गेला तर लोक आजारी पडतात. त्यात ऑक्टोबरमध्ये शेतातून बीट काढायचं काम चालू असतं, ट्रॅक्टर निम्मं शेत रस्त्यावर सांडत जातात. त्यावर पाऊस पडला की चिखल, पाणी आणि ब्रेकच्या रबराची पूड यांची एक काळी चटणी तयार होते. ती रिमवर बसते, आणि प्रत्येक ब्रेकला रिम कानशीने घासल्यासारखी झिजत जाते. ऐकायला छान वाटतं, श्शींऽऽग असं. रिम मात्र दोन हिवाळ्यांत पत्र्यासारखी होते.

म्हणून आमच्या क्लबात रुमाल आहे.

पावसातून आलं की थेट मार्सेलाच्या कॅफेच्या मागच्या अंगणात जायचं. कॅफेचं नाव 'बगळा'. अर्धा तास मिळतो. बादल्या, फडकी, जुने दात घासायचे ब्रश, सगळं तिथे असतं. चाकं पुसायची, ब्रेकच्या रबरात रुतलेले धातूचे कण सुईने टोचून काढायचे, चाक भिंतीवरच्या आकड्याला लटकवायचं. मग रुमालवाला येतो. पांढराशुभ्र इस्त्रीचा रुमाल बोटाला गुंडाळून तो प्रत्येक रिमवरून फिरवतो. ज्याच्या रिमने रुमाल काळा केला, त्या दिवशीची बीअर त्याच्याकडून. रुमाल पुरा होईपर्यंत मार्सेला बीअरच्या नळाला हातही लावत नाही, मग तुम्ही तहानेने मेलात तरी चालेल.

बारा वर्षं रुमाल ओडिलकडे आहे. ओडिल कालव्यावर दरवाजे उघडबंद करायच्या नोकरीत होता. चौतीस वर्षांत एकही बोट त्याने मिनिटभर आधी सोडली नाही. त्यात एकदा त्याच्या सासऱ्याची बोट होती. एवढं सांगितलं की माणूस कळतो.

त्या रविवारी त्याने माझ्या रिमवरून रुमाल फिरवला, वर धरला आणि सगळ्यांना दाखवला.

"फिर्मिन, ही रिम आहे की तुझ्या कढईचा तळ?"

"रंग आहे तो, ओडिल. फॅक्टरीतून असाच आलाय."

"मागच्या रविवारी म्हणालास सावली आहे."

"मागच्या रविवारी सावलीच होती."

सगळे फिदीफिदी हसले. मी फडक्याने दोन हात मारून सिगारेट ओढत बसलो होतो, हे अंगणातल्या मांजरालाही माहीत होतं. लागोपाठ चौथा रविवार. सोळा बीअर. पैशाचं काही नाही हो, पण ओडिल जाता जाता माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, "अरे, चाक आहे ते. त्याची जरा दया येऊ दे." ती थाप मला लागली.

सोमवारी दुपारी मी त्याच्या घरामागच्या शेडमध्ये हजर.

ओडिलचं पुढचं चाक उघडं पडलं होतं. टायर काढलेला, ट्यूब काढलेली, आतली रिमची पट्टीही सोडवलेली. पावसाचं पाणी स्पोकच्या, म्हणजे तारांच्या, भोकांतून रिमच्या पोकळीत शिरतं आणि आत बसून राहतं. ते काढायला व्हॉल्व्हचं भोक खाली करून चाक रात्रभर टांगायचं, हे ओडिलचं आवडतं भजन. आमच्यातले पंधरा जण ते ऐकतात. टांगत कोणीच नाही.

"कोरडं झालं का?" मी विचारलं.

ओडिल माझ्याकडे संशयाने बघायला लागला. "तुला कधीपासून पडलीय?"

"काल तू म्हणालास ना, दया. रात्रभर झोप नाही मला."

बिचारा विरघळला. "थांब, कॉफी आणतो," म्हणून आत गेला.

थंडीत माझ्या गाडीवर वाटाण्याचं सूपही असतं. सकाळीच एक किलो वाळलेले हिरवे वाटाणे घेतले होते. पिशवी फाटकी निघाली, दोनतीन मुठी कोटाच्या खिशात पळाल्या होत्या. मी चाक उतरवलं, भोक वर केलं. एक, दोन, तीन. टिक, टिक, टिक. मग चाक टेबलावर आडवं ठेवलं आणि शहाण्या मुलासारखा शेजारी उभा राहिलो.

"ये, टायर चढवायला हात लावतो," ओडिल आला तसा मी म्हटलं. पट्टी मीच दाबून बसवली. इतकी छान बसवली की त्याने चक्क कौतुक केलं.

बेत साधा होता. चाक जोरात फिरत असलं की वाटाणे रिमला चिकटून बसतात, चकार शब्द काढत नाहीत. उतरून सायकल हातात धरून चालायला लागलं की मात्र आतून खुळखुळ, खुळखुळ. रविवारी ओडिल सगळ्यांसमोर सायकल ढकलत अंगणात येणार आणि लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखं चाक वाजणार. मग मी विचारणार, 'ओडिल, चाकाची काही दया आहे की नाही?' बस्स. हसू झालं की टायर काढायचा, वाटाणे बाहेर. दहा मिनिटांचं काम.

मंगळवारी संध्याकाळी ओडिल माझ्या गाडीवर आला. फ्राईज घेतल्या आणि मेयोनेज नको म्हणाला. आमच्याकडे मेयोनेज नको म्हणणाऱ्या माणसाला लोक 'घरी कोण गेलं?' असं विचारतात.

"काय झालं?" मी म्हटलं.

"चाक बोलतंय."

"काय म्हणतंय?" माझ्या पोटात हसू उकळत होतं.

"हसू नकोस. हातात धरून ढकललं की बोलतं. सायकलवर बसलं की गप्प." त्याने एक फ्राय उचलली आणि परत ठेवली. "काल रात्री मतदान झालं, फिर्मिन. तू आला नाहीस."

"सूप होतं. कसलं मतदान?"

"येत्या रविवारी वेस्टहूकेवाले येतायत. रुमाल मला दिलाय. दोन्ही क्लबांचा."

माझ्या पोटातलं हसू तिथल्या तिथे विझलं.

वेस्टहूके म्हणजे कालव्यापलीकडचा क्लब. वर्षातून एकदा आम्ही मिळून सायकली काढतो आणि त्या दिवशी एकच रुमाल सगळ्यांच्या चाकांवर फिरतो. नऊ वर्षं तो त्यांच्या सिरीलच्या हातात होता. सिरील खाटीक आहे, बोटं सॉसेजसारखी, आणि दर वर्षी आमच्या निम्म्या रिमा काळ्या ठरवून वर दात दाखवतो. रुमाल नवीन माणसाला देताना जुना माणूस आधी त्याचंच चाक तपासतो. नुसतं वरून नाही. टायर काढून, पट्टी काढून, भोक खाली करून, रुमालावर ठोकून. पाण्याचा थेंब पडला, आवाज आला, काहीही निघालं, तर त्याला रुमाल नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. स्वतःच्या क्लबातलाही जातो.

"झुल्मापण येणार आहे," ओडिल म्हणाला.

झुल्मा म्हणजे त्याची बायको. एकतीस वर्षं सायकलच्या कारखान्यात तारा ओवून चाकं विणायच्या बाकावर होती. दिवसाला साठ चाकं. क्लबाकडे ती कधी फिरकली नाही, म्हणायची, चाकं पुरे झाली मला. आता तिच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे गेलेत, बरणीचं झाकणही ओडिल उघडून देतो.

"ते पुढचं चाक तिच्या हातचं शेवटचं आहे," ओडिल म्हणाला. "ती म्हणाली, बघू तरी तो खाटीक काय म्हणतो त्याला. आणि ते आता बोलायला लागलंय. काय करू?"

सांगायला हवं होतं, कबूल. पण मागे आठ गिऱ्हाइकं रांगेत, कढईत बटाटे फुटायला आलेले. आणि खरं सांगायचं तर चाळीस वर्षांत एक खोडी मी कबूल केलेली नाही. सवय नाही जिभेला. मी म्हटलं, "उद्या येऊन बघतो." त्या रात्री तो भर पावसातून घरी गेला. माझ्या लक्षातच आलं नाही की वाटाण्याला पाणी लागलं की काय होतं. सूप विकतो मी!

बुधवारी गेलो तर ओडिलने सगळा हब खोलून टेबलावर मांडलेला. छर्रे एका बशीत, ग्रीस दुसऱ्या बशीत.

"आवाज गेला," तो म्हणाला.

"मग झालं की!"

"काय झालं? मी काही केलं नाही आणि गेला. आपोआप गेलेला आवाज आपोआप येतो. रविवारी येईल. सिरीलच्या हातात येईल." त्याने हब परत जुळवला, चाक स्टँडच्या चिमट्यात अडकवलं आणि हलकेच फिरवलं. ते फिरलं, मंदावलं, आणि व्हॉल्व्हजवळची एकच जागा खाली घेऊन थांबलं. परत फिरवलं, परत तीच जागा खाली. "बघ. इथे काहीतरी बसलंय."

मला कळलं काय बसलंय. वाटाणे पाणी पिऊन फुगले होते आणि तिथे ठाण मांडून होते. आता भोकातून उलटं करून पडायचे नाहीत.

"टायर काढून बघू या," मी म्हटलं, जमेल तितकं सहज.

"दोनदा काढला. भोकातून दिसत नाही काही. रिमच कुठेतरी आतून फुटलीय, असं वाटतंय मला. झुल्माला सांगू नकोस."

त्या रात्री चाक त्याने पलंगाशेजारी उभं करून ठेवलं. शुक्रवार सकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले होते, आणि गाडीवर माझा एक घाणा करपला. गिऱ्हाईक म्हणालं, फिर्मिन, प्रेमात पडलास का?

शुक्रवारी दुपारी ओडिल नवीन ब्रेक रबर आणायला शहरात गेला. मी लगेच त्याच्या घरी. वाटलं, शेडमध्ये शिरावं, गुपचूप काम उरकावं. पण चाक शेडमध्ये नव्हतं. स्वयंपाकघरात होतं, झुल्माच्या मांडीवर. ती रिमला कान लावून लाकडी डावाने टकटक करत होती.

मी दारातच थांबलो. तिने मान वर केली नाही.

"ये आत. वाटाणे की चवळी?"

"काय वाटाणे?"

"फिर्मिन, आमच्या कारखान्यात मुकादम आम्हाला शिट्टी वाजवून बोलवायचा. त्याच्या सायकलीत आम्ही पोरींनी सगळी धान्यं घालून पाहिली आहेत. मसूर घालायची असते. मसूर आपोआप पडून जाते. ह्यात कुठल्या तरी अडाण्याने मोठं काहीतरी घातलंय."

"वाटाणे," मी म्हटलं.

"सूपवाले?"

"हो."

"किती?"

आता ऐका. मी लहानपणापासून एक कमी सांगतो. चार सफरचंदं चोरली तर तीन. तीन बीअर झाल्या तर दोन. जीभच तशी वळलीय. मी म्हटलं, "दोन."

"त्याला चार रात्री झोप नाही," ती म्हणाली. रागावली नाही, हसलीही नाही. "टायर काढ."

पट्टी काढल्यावर तिने विणकामाची बारीक सुई दिली. भोकातून आत घालून मी चाचपडत बसलो. पहिला वाटाणा तुकड्या-तुकड्यांनी आला, आणि त्याच्यामागून एक पांढरी शेपटी.

"मोड आलाय गं!"

"येणारच. उबदार खोलीत, पलंगाशेजारी, ओल्या अंधारात. पुढच्या आठवड्यात वेल चढला असता." आता मात्र ती हसली. हसताना हात मांडीवर दाबून धरले, दुखतात म्हणून.

दुसरा वाटाणा तारांच्या टोकांवरच्या दोन निपलांच्या मध्ये रुतला होता. तो सुईला दाद देईना.

"चार तारा सोडाव्या लागतील," झुल्मा म्हणाली. "चावी घे."

"मी? मी चाक विणलेलं नाही कधी."

"माझे अंगठे चालत नाहीत. आज तुझे वापरायचे. डावीकडची सोड. डावीकडची, फिर्मिन. तुझ्या डावीकडची नाही, चाकाच्या."

चार तारा सुटल्या, दुसरा वाटाणा निघाला आणि मला वाटलं सुटलो. अहो, चाक परत ताणायला दोन तास लागले. एक तार आवळली की चाक इकडे पळतं, दुसरी आवळली की तिकडे. झुल्मा खुर्चीत बसून नुसती बोलत होती.

"पाव फेरा. पाव म्हटलं! बटाटा सोलतोयस का?"

"पावच दिला."

"तुझा पाव म्हणजे माझा पाऊण. मागे घे. आता समोरची. आता नख मार तारेवर. ऐकलंस? शेजारची कशी वाजते? मग ही का रडतेय?"

शेवटी चाकाचं डुलणं थांबलं, आउट निघाला. निदान माझ्या डोळ्यांना तरी. तिने चाक हातात घेऊन जोरजोरात हलवलं. गप्प. फिरवलं. मंदावत, रिमची दोन टोकं जुळतात त्या जोडावर येऊन थांबलं.

"जोडापाशी रिम थोडी जड असतेच," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "दोनच ना?"

माझी पाठ मोडली होती, बोटांना फोड आले होते, गाडी उघडायची वेळ टळून गेली होती. आणि दोन म्हणून झाल्यावर तीन म्हणायचं कसं? तिसरा कुठेतरी पडून गेला असणार, हलवल्यावर आवाज कुठे आला? मी म्हटलं, "दोनच."

रविवारी पाऊस असा की बगळ्यांनीही छत्र्या घेतल्या असत्या. एकतीस सायकली, सत्तर किलोमीटर, त्यात दगडी फरसबंदीचे तीन पट्टे. माझा पुढचा दात अजून हलतोय. परत येऊन अंगणात चाकं धुवायची एकच गर्दी. मी ओडिलच्या आसपास घुटमळत होतो, पाणी आणून दे, फडकं पिळून दे. त्याने भोक खाली करून चाक निथळलं, स्वच्छ पाणी पडलं. पट्टी, टायर परत. चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग होता.

"आज दया फारच आलीय तुला," तो म्हणाला.

मागच्या दाराशी झुल्मा खुर्ची टाकून बसली होती, रविवारच्या कोटात.

सिरील आला. त्याने सॉसेजएवढ्या बोटाला रुमाल गुंडाळला आणि ओडिलच्या रिमवरून एक पूर्ण फेरा मारला. रुमाल पांढरा. दुसऱ्या बाजूने मारला. पांढरा. चाक फिरवून कान लावला. गप्प. आमच्या बाजूची माणसं खाकरून ताठ झाली.

"टायर," सिरील म्हणाला.

टायर काढला, पट्टी काढली. सिरीलने रुमाल टेबलावर पसरला, चाक त्यावर भोक खाली करून धरलं आणि वरून तळहाताने ठोकलं. एकदा. काही नाही. दोनदा. काही नाही. खाटकाचा हात तो, तिसऱ्यांदा असा ठोकला की बादली थरथरली.

टप.

रुमालाच्या मधोमध अर्धा वाटाणा. हिरवागार. शेपटीसकट.

दगडी रस्त्याने त्याचे दोन तुकडे केले असणार. पण ते मला नंतर सुचलं. मग वेस्टहूकेच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "ओडिल, गाजरं कुठल्या चाकात?" आणि सगळी पलीकडची माणसं गडगडली.

ओडिल हसला नाही. त्याने तो वाटाणा उचलून तळहातावर घेतला, बघितला, परत बघितला. त्याला काही कळत नव्हतं. चार दिवस चाक फुटलंय म्हणून झुरत होता आणि आतून भाजी निघाली होती. त्याने खिशातून आमच्या क्लबाचा, बारा वर्षांचा रुमाल काढला आणि टेबलावर ठेवला.

"माझं चाक," तो म्हणाला. "मी बघायला हवं होतं."

मी झुल्माकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. ओठ हलवून, आवाज न करता तिने विचारलं, दोन?

"मी टाकला!" मी ओरडलो. "तो वाटाणा मी टाकलाय!"

कोणीही वळून बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण तसं नाही. आमचा पियेर म्हणाला, "बस रे फिर्मिन."

"खरंच सांगतो. सोमवारी. शेडमध्ये. तीन टाकले."

"गेल्या वर्षी कालव्यात मगर आहे, हेपण खरंच सांगत होतास. आमच्या आईने महिनाभर कुत्रा बाहेर काढला नाही."

"ते वेगळं! हे खरं आहे!"

सिरीलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मित्रासाठी खोटं बोलतोयस. मनाला बरं वाटलं. पण नियम तो नियम."

मी ओडिलकडे वळलो. "ओडिल, अरे, कॉफी आणायला गेलास ना, तेव्हा. पट्टी मी नाही का बसवली?"

"राहू दे, फिर्मिन," तो हळूच म्हणाला. "चांगुलपणा करू नकोस. तुला जमत नाही."

काय सांगू, चाळीस वर्षं मी केलं ते लोकांनी मी केलं नाही असं मानावं म्हणून धडपडलो. आणि एकदा आयुष्यात कबूल करतोय तर एकतीस माणसांत एकाचाही विश्वास नाही. मला रडू यायला लागलं आणि लोक म्हणाले, बघा, रडतोयपण किती छान!

"झुल्मा!" मी म्हटलं. "सांग ना ह्यांना!"

झुल्मा सावकाश उठली. कोट झटकला. टेबलापाशी आली आणि ओडिलच्या तळहातावरच्या वाटाण्याकडे चष्मा खाली करून बघितलं.

"दोन वाटाण्यांना मी ओळखते," ती म्हणाली. "शुक्रवारी आमच्या स्वयंपाकघरात भेटले. ह्याने टाकले होते, ह्यानेच काढले. हा तिसरा मला आज पहिल्यांदाच दिसतोय. ह्याची ओळख फिर्मिनने करून दिली नव्हती."

मग मात्र अंगण हसण्याने फुटलं. मार्सेला दारात उभी होती, ती भिंतीला धरून खाली बसली. पियेरने मला बादलीतलं फडकं फेकून मारलं. मी सगळं अंगावर घेतलं, फडकंसुद्धा.

सिरील मात्र हसला नाही. तो विचार करत होता. त्याने चाक उचललं, परत फिरवलं, रिमवर बोट फिरवलं. "चाक स्वच्छ आहे," तो म्हणाला. "पाणी नाही. आवाज नाही. दुसऱ्याने घातलेल्या घाणीला चाक काय करणार? माझ्या दुकानात कोणी मेलेला उंदीर टाकला तर मांस वाईट होतं का?" ह्यावर वेस्टहूकेवाले कुरकुरले, पण त्याने रुमाल झटकला, घडी केली आणि ओडिलच्या हातात दिला. टेबलावरचा जुनाही दिला.

ओडिलने दोन्ही घेतले. माझ्याकडे बघेना. झुल्माकडे बघून म्हणाला, "चार तारा नवीन ताणल्यात. काल हात फिरवताना मला जाणवलं होतं. मला वाटलं तूच."

तिने दोन्ही अंगठे वर करून दाखवले. "ह्यांनी? शब्द माझे, हात त्याचे. दोन तास."

ओडिलने चाक चिमट्यात लावलं, उजेडाकडे धरून फिरवलं, एक डोळा मिटला. खूप वेळ. मला वाटलं आता मारतो.

"अर्धा मिलीमीटर डावीकडे," तो म्हणाला.

"तुझ्या बायकोने पास केलंय ते!"

"उद्या ये. काढू तो." आणि मग, रुमाल बोटाला गुंडाळत, "ते तीन का टाकलेस, हेपण उद्या सांग. आता काम आहे मला."

पहिलं चाक त्याने माझंच घेतलं, आणि ते मी धुतलंच नव्हतं, ओडिलच्या पाण्याच्या बादल्या वाहत बसलो होतो ना. रुमाल नाही, कोळसा. ओडिलने तो वर धरून सगळ्यांना दाखवला. एकतीस बीअर. मार्सेलाने आतून मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

मग तो पुढच्या चाकाकडे गेला आणि झुल्मा त्याच्याबरोबर निघाली. कोणी बोलावलं नव्हतं. तो रिमवरून रुमाल फिरवायचा, ती तर्जनीच्या नखाने एकेक तार छेडायची आणि कान लावायची. 'बरी.' 'बरी.' 'ही रडतेय, आवळून घ्या.' वेस्टहूकेची मोठमोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी आपापल्या चाकाशेजारी टोप्या काढून उभी. मी मागून बादली घेऊन.

सिरीलच्या चाकापाशी ओडिलने रुमाल फिरवला. पांढरा. सिरीलने छाती पुढे काढली. नऊ वर्षं त्याचं चाक कोणी तपासलं नव्हतं, तपासणारा तोच होता ना.

झुल्माने वाकून एक तार छेडली. मग दुसरी. मग खालची.

"सैल," ती म्हणाली.

सिरीलची छाती उतरली. "कुठे, बाई?"

"सगळीकडे."